शेजारचा पट्टा

‘फिक्स झालं. ठोका आता.’

गंगावेशीतून केएमटीची बस वळली आणि पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मोबाईलमधून हा आवाज आला. प्रियदर्शनीला आधी वाटलं, कोण बाई ही, बोलते का वसकते. माणसानं अंगठा फिरवून ती चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली, पुन्हा तेच, फिक्स झालं, ठोका आता, आणि मग तिनं कान टवकारले. आवाज तिचाच होता. नऊ सेकंदांची चित्रफीत. डोक्याला टोपी, हातात उंच दांडी, दांडीच्या टोकाला थाळीएवढं यंत्र, तोंड उन्हानं आणि कशानं कशानं लाल. खाली कुणीतरी लिहिलं होतं, मोजणीवाल्या बाईची कॅमेऱ्यासमोर कबुली. ‘बगा पावणं,’ तो माणूस शेजारच्याला म्हणाला, ‘उघड उघड बोलाय लागल्यात की. फिक्स झालं म्हणं.’ शेजारचा म्हणाला, ‘बाईमाणूस असून?’ ‘बाईमाणसाला काय पोट न्हाय व्हय?’ दोघं हसले. प्रियदर्शनी त्यांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, तोंडाला स्कार्फ बांधून बसली होती. खांद्यावर टकटक करावी आणि स्कार्फ सोडून दाखवावा, असं तिला फार वाटलं. हात उचललाही. मग तो हात तिनं समोरच्या दांडीवर ठेवला, जणू दांडी धरायलाच उचलला होता. आणि आता तिला त्या माणसाच्या दुप्पट राग स्वतःचा आला.

चार दिवस ही चित्रफीत गावभर फिरत होती. शिरोळातून निघाली, जयसिंगपुरातून इचलकरंजीत गेली, कबनूरला तिच्या आईच्या शेजारणीच्या मोबाईलवर पोचली, आणि आता कोल्हापुरात बसमध्ये येऊन पुढच्या सीटवर बसली. कुणाकुणाला सांगत सुटायचं? फिक्स म्हणजे काय ते सांगायला ती बसमध्ये उभी राहिली असती तर कंडक्टरनं तिला पहिल्या थांब्यावर उतरवलं असतं. दांडीवरचं ते यंत्र, रोव्हर म्हणतात त्याला, आभाळातल्या उपग्रहांचं बोलणं ऐकत असतं. हिशोब जुळत नाही तोवर पडद्यावर ‘फ्लोट’ दिसतं. म्हणजे अजून तरंगतंय, हात लावू नका. जुळला की अक्षरं हिरवी होतात आणि ‘फिक्स’ येतं. म्हणजे बोटाएवढाही फरक नाही, खुशाल खूण ठोका. सहा वर्षांत तिनं हा शब्द हजारदा उच्चारला असेल. पुण्याला प्रशिक्षणात सगळे हाच शब्द म्हणायचे आणि कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. पण ह्या जिल्ह्यात फिक्स असते ती कुस्ती. दोन पैलवान मातीत उतरायच्या आधीच निकाल ठरलेला असतो आणि कडेला बसलेला म्हातारा पहिल्या पटालाच थुंकून म्हणतो, फिक्स हाय रं, चला घराकडं. त्या लोकांपुढं, बांधावर उभं राहून, मोठ्यांदा, आपण म्हणालो फिक्स झालं. कप्पाळ माझं, असं ती मनात म्हणाली, आणि तिकीट चुरगाळून त्याची गोळी केली.

पर्समध्ये साहेबांनी दिलेला कागद होता. पृथ्वीराज साहेब, जिल्ह्याच्या मोजणी कचेरीतले तिचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. काल त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. टाईप केलेल्या दोनच ओळी तिच्यापुढं सरकवल्या होत्या. सदर मोजणीत माझ्याकडून मानवी चूक झाली असून सदर मोजणी रद्द करण्यास माझी हरकत नाही. खाली सहीची जागा. ‘एक वेतनवाढ जाईल, प्रियदर्शनी. वर्षभरानं कुणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही. चौकशी लागली तर मात्र पाच-सहा वर्षं घासत बसाल. उद्या अकराला सही करून आणा.’ तिनं विचारलं होतं, आणि जिनं मोजणी मागितली ती बयाबाई? ‘त्यांनी परत अर्ज करावा की.’ परत अर्ज! बयाबाई बहात्तर वर्षांची होती. पहिल्या अर्जाची मोजणी निघायला दीड वर्ष लागलं होतं. आणि एकदा मोजणी रद्द झाली, मोजणीवाली पैसे खाताना सापडली असा बोभाटा झाला, की दुसऱ्यांदा त्या बांधावर कोण मोजणीदार पाय ठेवणार होता? कागदावर सही म्हणजे बयाबाईचा बांध कायमचा गेला. हे साहेबांना कळत होतं आणि तरी त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं होतं.

तो बांध तिच्या डोळ्यांपुढून तीन आठवडे हलत नव्हता. शिरोळच्या अलीकडं, नदीच्या अंगाला, ऊस तुटून गेलेलं मोकळं रान. दक्षिणेला बयाबाईचा अकरा गुंठ्यांचा चिंचोळा पट्टा, उत्तरेला गणपतरावांचं चार एकर. मधे बांध. बांध कसला, रेघ. बयाबाई छत्री उघडून एका ढेकळावर बसली होती आणि कुणी विचारलं नसताना सांगत होती, ‘मी हितं लगीन हून आलतो तवा ह्या बांधावरनं बैलगाडी जायाची, बाई. आता शेळी जायना.’ तिचं ते ‘आलतो’ ऐकून प्रियदर्शनीला बरं वाटलं होतं. कबनूरला तिची आईही असंच बोलायची, मी गेलतो, मी खाल्लो. पुण्याच्या हॉस्टेलवर तिच्या स्वतःच्या तोंडातून एकदा ‘मी येतो’ निघालं तेव्हा पोरी पलंगावर लोळून हसल्या होत्या. तेव्हापासून ती छापील बोलायला लागली. बयाबाईला छापील बोलायची गरज कधी पडली नसावी. दर नांगरटीला गणपतरावांच्या ट्रॅक्टरचा फाळ चार बोटं अलीकडं यायचा, दर वर्षी बांध चार बोटं कोरला जायचा, आणि बयाबाई कडेला उभी राहून बघायची. बोलली की ते म्हणायचे, ‘आक्का, मी माज्याच रानात नांगर मारतूय की. ढेकळं पडली तुज्यात तर मी काय करू?’ वर्षं तीस-चाळीस गेली. दीड वर्षामागं तिनं एकटीनं एसटीनं येऊन अर्ज दिला होता.

आणि त्या रानाच्या कोपऱ्यावर, गायरानात, पांढरा टॉवर उभा होता. दिवाळीनंतर आलेला. कुठल्याशा नव्या कंपनीचं वायरलेस जाळं, उसाच्या बुडातली ओल आपोआप मोबाईलवर सांगणारं, अजून चाचणीवरचं. रानाच्या लांबच्या टोकाला रोव्हरनं अर्ध्या मिनिटात फिक्स दिलं होतं. टॉवरकडच्या टोकाला आली आणि पडद्यावरचे उपग्रह गळायला लागले. बावीस होते ते चौदा, मग नऊ, मग परत बारा. फ्लोट. फ्लोट. यंत्र बिघडलं म्हणावं तर पन्नास पावलं मागं गेलं की शहाणं. तिला कळायला वेळ लागला नव्हता. तिचे वडील कबनूरला यंत्रमागावर जॉबर होते, मागांची दुरुस्ती बघायचे. चोवीस माग एका पत्र्याच्या शेडात, धोट्यांचा असा खडखडाट की शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतोय ते कानानं कळायचं नाही, ओठांकडं बघून ओळखायचं. लहानपणी ती डबा घेऊन जायची, दारातून हाक मारायची, आप्पा, आप्पा, आणि वडील पाठमोरे. आपण घसा फोडतोय आणि समोरच्याला पत्ता नाही. राग यायचा, रडू यायचं. उपग्रहाचं बोलणं वीस हजार किलोमीटरवरून यायचं, डबा आणलेल्या पोरीच्या आवाजाएवढं बारीक, आणि हा टॉवर दारातच खडखडत होता. वडील आता घरीच असतात, दोन्ही कानांनी ठार बहिरे. कुणी विचारलं तर सांगतात, माग चांगला होता, माझेच कान नाजूक.

कंपनीतही तिला हेच सांगितलं गेलं. गणपतरावांची तक्रार आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती ताराराणी चौकातल्या त्यांच्या ऑफिसात गेली होती. विश्वजित नावाचा इंजिनीअर भेटला, मऊ बोलणारा, इस्त्रीतला. त्यानं लॅपटॉप फिरवून आलेख दाखवला. ‘हा आमच्या लहरींचा पट्टा मॅडम, सरकारनं दिलेला. ही तुमच्या उपग्रहांची रेघ, इकडं शेजारी. मधे मोकळी जागा सोडलेली आहे बघा. आम्ही आमच्या पट्ट्याच्या कणभरही बाहेर नाही.’ ती म्हणाली, मग माझं यंत्र तुमच्या टॉवरखालीच का आंधळं होतं? ‘तुमच्या यंत्राचे कान जरा जास्त मोठे आहेत. ते शेजारचंही ऐकतं. चांगली गाळणी असलेलं यंत्र घ्या.’ तिच्या डोळ्यांपुढं गणपतराव उभे राहिले, धोतराचा सोगा हातात धरून. ‘म्हणजे तुम्ही तुमच्याच रानात नांगर मारताय,’ ती म्हणाली, ‘ढेकळं कुठं पडतात ते तुम्ही बघायचं नाही.’ विश्वजितला काही कळलं नाही. त्यानं हसून पाण्याची बाटली पुढं केली. त्या बाटलीचं बूच काढून ती त्याच्या लॅपटॉपवर ओतावी, असा विचार तिच्या मनात अगदी स्पष्ट आला होता, आणि अजूनही येत होता. हवेतल्या लहरींचं बघणारं एक खातं आहे, त्यांनाही तिनं पत्र पाठवलं. विषय लिहिला, शेजारच्या पट्ट्यातून होणारे अतिक्रमण. चार ओळींचं उत्तर आलं. सदर बाब जमिनीच्या हद्दीची असल्याने आपण आपल्या जिल्ह्यातील मोजणी कार्यालयाशी संपर्क साधावा. हे वाचून ती कचेरीच्या जिन्यात उभी राहून एकटीच हसली होती, आणि वर जाणाऱ्या दोन कारकुनांनी एकमेकांकडं पाहिलं होतं.

बावडा रोडला उतरली तेव्हा साडेदहा झाले होते. फाटकात पिराजी भेटला. पिराजी कचेरीचा शिपाई, साखळीनं मोजणी व्हायची तेव्हापासूनचा, निवृत्तीला आठ महिने राहिलेला. त्या दिवशी खुणा ठोकायला तोच होता. ‘सही करा म्याडम,’ तो हळूच म्हणाला. ‘मोठ्यांचं काय जातंय. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे काय आजचं हाय?’ तिनं विचारलं, ‘पिराजीमामा, तुम्हाला काय वाटलं होतं? गणपतरावांच्या रानात दोन सऱ्या आत जाईल हद्द?’ पिराजीनं नजर चुकवली. ‘एक सरी गेलीच हुती बयाबाईची. ते कुणीबी सांगंल. दुसरी कुटनं आली ते यंत्रालाच ठावं.’ हीच तर गंमत होती. म्हणजे गंमत कसली. गणपतरावांनी खरोखर एक सरी, उसाच्या एका ओळीएवढी पट्टी, खाल्ली होती, आणि टॉवरच्या कलकलाटात यंत्रानं खोटंच फिक्स देऊन बयाबाईच्या पदरात दोन टाकल्या. गणपतरावांनी स्वतः खासगी मोजणीदार आणून वरची सरी खोटी ठरवली. आता त्या खोट्या सरीच्या आडून खरी सरीही ते जिरवणार होते. वाळल्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं.

आपल्या टेबलाशी बसून तिनं पेनाचं टोपण काढलं. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. कागद समोर. मानवी चूक. टॉवरची चूक होती, हे ती गेले तीन आठवडे सगळ्यांना सांगत होती, साहेबांना, आईला, आरशाला. आणि टॉवरची होतीच. पण सही करायला पेन टेकवलं आणि हात थांबला, कारण ज्या मिनिटाकडं ती इतके दिवस पाठ करून बसली होती ते मिनिट कागदातून वर आलं. साधा नियम होता. फिक्स आलं तरी विश्वास ठेवायचा नाही. यंत्र बंद करायचं, परत चालू करायचं, दुसरं वाचन घ्यायचं, दहा मिनिटांनी तिसरं. तिन्ही जुळली तर खूण. सहा वर्षांत तिनं हा नियम एकदाही मोडला नव्हता, भर पावसात नाही, अंगात ताप असताना नाही. त्या दिवशी मोडला. पडद्यावर फ्लोट होतं. पिराजी म्हणत होता, थांबूया म्याडम, हद्दीचा जुना दगड असंल हितंच, उकरून बगतो. आणि गणपतरावांचा पुतण्या राजवीर, तिशीचा, पांढऱ्या बुटातला, मोबाईल समोर धरून शूटिंग करत करत जवळ आला होता. अगदी गोड आवाजात त्यानं विचारलं, ‘म्याडम, आडनाव काय म्हणायचं?’

हा प्रश्न तिच्या आयुष्यात किती वेळा आला होता ते तिनं कधी मोजलं नव्हतं. भाड्याची खोली बघताना यायचा. मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा जेवताना यायचा, ताटात आमटी वाढता वाढता. प्रियदर्शनी, छान नाव, पुढं? आणि पुढचं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळायचं. खोली कालच दिली बघा. नाहीतर नुसतं, अच्छा, अच्छा. आप्पांनी तिला शिकवलं होतं, मान वर करून सांगायचं, लाजायचं काय त्यात. तिनं मान वर करून सांगितलं. राजवीरनं तिच्याकडं बघितलं, मग ढेकळावर छत्री धरून बसलेल्या बयाबाईकडं बघितलं, मग मागच्या चौघांकडं वळून म्हणाला, ‘हां. म्हंजे मग झालंच की.’ चौघं हसले. गणपतराव हसले नाहीत, त्यांनी फक्त पायानं एक ढेकूळ फोडलं. प्रियदर्शनीच्या कानशिलात आग उठली. तिनं दांडी घट्ट धरली. इथून जायचं, आत्ताच्या आत्ता, ह्या लोकांच्या नजरेतून बाहेर पडायचं, एवढंच तिच्या डोक्यात उरलं. आणि नेमकी तेव्हाच अक्षरं हिरवी झाली. तिला दिसत होतं, उपग्रह नऊच आहेत. तिला ठाऊक होतं, हे हिरवं खरं नाही. यंत्र बंद करून परत चालू करायला दीड मिनिट लागलं असतं. त्या दीड मिनिटात ते आणखी काहीतरी बोलले असते. म्हणून ती ओरडली.

म्हणजे चूक मानवी होती. हे कळलं तेव्हा तिला आधी हलकं वाटलं आणि मग असा राग आला की टेबलाची कड धरून बसावं लागलं. आजवरचा राग टॉवरवर होता, साहेबांवर, बसमधल्या माणसावर, सगळ्यांवर थोडा थोडा, भटकणारा. आता तो एका जागी बसला. तुम्ही मला विचारता आडनाव, मी चुकते, आणि माझी चूक तुम्ही पुरावा म्हणून गावभर फिरवता. आणि मी, सहा वर्षं नियमानं चालणारी मी, तुमच्या चार जणांच्या हसण्यापायी एका म्हातारीचा बांध घालवून आले. तुम्हाला तर सोडणार नाहीच. पण स्वतःलाही सोडणार नाही.

तिनं साहेबांचा टाईप केलेला कागद उलटा करून बाजूला ठेवला. कोरा ताव घेतला आणि हातानं लिहायला लागली. अक्षर पहिल्या दोन ओळींत वाकडं आलं, मग सरळ झालं. ‘सदर मोजणीवेळी जवळील टॉवरच्या लहरींमुळे यंत्रावरील उपग्रहांची संख्या बावीसवरून नऊवर आली होती. यंत्रातील नोंदी सोबत जोडल्या आहेत. अशा वेळी नियमाप्रमाणे तीन वाचने घेणे आवश्यक होते. मी एकच घेतले. कारण, पहिल्या वाचनाच्या अगोदर उपस्थितांपैकी एकाने चित्रीकरण करत माझे आडनाव विचारले व ते ऐकून बाकीचे हसले. मला तिथून लवकर निघायचे होते. ही माझी मानवी चूक आहे व तिची शिक्षा मला मान्य आहे. परंतु सदर मोजणी केवळ रद्द करण्यास माझी हरकत आहे. बयाबाई यांची हद्द उपग्रहावर न विसंबता, बांधातील जुना दगड शोधून, त्या दगडापासून साखळीने पुन्हा मोजावी. मोजणीस मी स्वतः हजर राहीन.’ खाली सही केली. पूर्ण सही, नाव आणि आडनाव, सुटं सुटं.

साहेबांच्या केबिनकडं जायच्या आधी ती जिन्याखालच्या आवक-जावकच्या खिडकीशी गेली. तिथं शालूबाई बसायच्या, गोल चष्म्यातून सगळ्या जगाकडं संशयानं बघणाऱ्या. शालूबाईंनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले, मधे एका जागी थांबल्या, प्रियदर्शनीकडं बघितलं. ‘मी काय वाचलो न्हाय,’ त्या म्हणाल्या, आणि शिक्का शाईत दाबून कागदावर मारला. मग रजिस्टरात आकडा घातला, कागदावर घातला, जोडीला आणलेल्या प्रतीवर घातला. ‘चारशे सतरा. प्रत जपून ठेव.’

साहेबांनी कागद घेतला, खिशातून चष्मा काढला. वाचता वाचता त्यांचा चेहरा आधी त्रासिक झाला, मग घाबरा. ‘हे काय आहे, प्रियदर्शनी? मी दिलेला कागद कुठं आहे?’

‘टेबलावर आहे सर. उलटा.’

‘असं लिहितात का खुलाशात? उद्या हे वर गेलं की मला विचारतील. मोर्चे निघतील. असू दे, हा मी ठेवतो माझ्याकडं, तुम्ही तो दोन ओळींचा द्या. हा आलाच नाही असं समजू.’

‘नंबर पडलाय सर. चारशे सतरा.’

साहेबांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला, जणू शिक्का पुसट असला तर बरं. शिक्का ठळक होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बोटानं मधल्या ओळीवर टकटक केलं. आता ते खरोखर चिडले होते, आवाज केबिनबाहेर गेला. ‘पण मला एक सांगा, आडनावाचा मोजणीशी काय संबंध?’

प्रियदर्शनी खुर्चीत बसली नव्हती. ती टेबलापुढं उभी होती आणि तिचा आवाज शांत होता, पण ती छापील बोलायची विसरली.

‘हेच मी त्या दिवशी बांधावर इचारायला पायजे हुतं, सर. न्हाय इचारलो. आज तुमीच इचारलासा, ते बरं झालं. आता बयाबाईची तारीख द्या.’